शून्य त्रुटी

“काकू, हे दोन्ही नको म्हणतंय,” फिरदौस म्हणाली.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. दसऱ्याचा दुसरा दिवस. कॉलेजच्या फाटकावरचं झेंडूचं तोरण अजून सुकलं नव्हतं. खिडकीतून खाली पाहिलं तर पायऱ्यांवर मुलं-मुली वह्या मांडीवर घेऊन शेवटचं घोकत बसलेली. तीनशे अठरा मुलं. अकराला त्यांचा पेपर सुरू होणार होता, आणि तो पेपर आमच्यापर्यंत येण्याची वाटच बंद झाली होती.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. मी तिथं तेहेतीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पुढं प्रॅक्टिकलला येणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तेव्हा मला वरच्या मजल्यावर संगणक विभागात बसवलं. काम काय, तर किल्ल्या सांभाळायच्या आणि रजिस्टर लिहायचं. पितळी स्पेक्ट्रोमीटर पुसायची सवय असलेल्या बाईला तिथं पुसायला काहीच नव्हतं. म्हणून मी प्रश्न विचारत बसायची.

उत्तरं द्यायला फिरदौस मुजावर होती. सव्वीस वर्षांची, कॉलेजचं सगळं नेटवर्क एकटी सांभाळणारी. तिचं कंत्राट अकरा महिन्यांचं, आणि ते संपायला तीन आठवडे राहिले होते. पुढचं मिळणार की नाही, हे प्राचार्यांच्या सहीवर होतं.

तिच्या खोलीत कोपऱ्यातल्या मांडणीवर एक काळी पेटी होती. बाहेरचं जग आणि आमचे संगणक यांच्यामधला पहारेकरी. तिला फायरवॉल म्हणतात, हे मला फिरदौसनंच सांगितलं होतं. आमचे शिपाई नाना ऐवळे तिला ‘फायरवाल’ म्हणत आणि जाता-येता नमस्कार करत. परीक्षेचे पेपर विद्यापीठाकडून त्याच पेटीतून येत. सव्वादहाला तिकडचं दार उघडायचं, पेपर उतरवून घ्यायचा, छापायचा, आणि अकराला वर्गात.

“दोन्ही म्हणजे कोणतं कोणतं?” मी विचारलं.

“प्रमाणपत्रं, काकू. सांगितलं होतं ना तुम्हाला? विद्यापीठाचं दार आपल्या पेटीला त्यावरून ओळखतं.”

“हॉलतिकीट.”

“हं, तेच. जुनं या महिनाअखेरीला संपणार होतं. म्हणून मी गेल्या आठवड्यात नवं आणून बसवलं. सुट्टीवर जायच्या आधी दहा वेळा तपासलं. सगळं चालू होतं. आज आले तर नवं चालत नाही. म्हटलं माझंच काही चुकलं असेल, म्हणून जुनं परत लावलं. तर तेही चालत नाही.”

“मोबाईलवरून नाही घेता यायचा पेपर?”

“ते दार फक्त या पेटीला उघडतं. तुम्ही-मी कितीही वाजवलं तरी आतून कडी निघायची नाही.”

तिनं फोनकडं बोट दाखवलं. पेटी बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला तिनं नऊ वाजता फोन लावला होता. पलीकडून अजून सनईच वाजत होती.

तेवढ्यात प्राचार्य शेंडगे सर आले. मागून नाना पाण्याचा ग्लास घेऊन. सरांना रक्तदाब होता, त्यामुळं सर रागावणार असं दिसलं की नाना आधीच पाणी भरून ठेवत.

“मुजावर मॅडम, झालं का?”

“सर, प्रयत्न चाललाय.”

“प्रयत्न नको, पेपर पाहिजे. प्रमाणपत्राचं काम कुणाकडं होतं?”

“माझ्याकडं, सर.”

“गेल्या आठवड्यात त्याला हात कुणी लावला?”

“मीच.”

“म्हणजे चालतं ते काढून न चालणारं बसवलं.” सरांनी पाणी न पिताच ग्लास टेबलावर ठेवला. “इथलं केंद्र गेलं तर या पोरांना पुढच्या वेळेपासून चाळीस किलोमीटरवर जाऊन परीक्षा द्यावी लागेल. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींचे बाप त्यांना पाठवतील? तुम्हीच सांगा.”

फिरदौसनं फोनमधल्या सनईचा आवाज कमी केला.

“अकराला पेपर वर्गात दिसला नाही, तर कंत्राटाचा विषय संपला. स्पष्ट सांगतो, म्हणजे मागाहून वाईट वाटायला नको.” मग सर माझ्याकडं वळले. “तारळेकर बाई, सुट्टीत किल्ल्या तुमच्याकडं होत्या. इथं कुणी काही हात लावला?”

“नाही सर,” मी म्हणाले.

मी अगदी मनापासून म्हणाले, हे आधीच सांगून ठेवते.

सर गेले. नाना दाराशी रेंगाळले.

“पोरी, त्या फायरवालला जरा थोपटून बघ की. आमचा रेडिओ थोपटला की लागतो.”

“थोपटते नाना,” फिरदौस म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

पावणेदहा झाले. तिनं पुन्हा नवं प्रमाणपत्र लावलं. पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली. जुनं लावलं, पुन्हा तीच ओळ.

“काय म्हणतंय ते मराठीत सांग मला,” मी खुर्ची पुढं ओढली.

“काकू, आत्ता नको ना.”

“तू बोटं चालव, तोंडानं सांग.”

तिनं सुस्कारा टाकला. “म्हणतंय, प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.”

“कोणतं? नवं?”

“दोन्हीला तेच म्हणतंय.”

मला गंमत वाटली. खरं तर गंमत वाटायची ती वेळ नव्हती, पण माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, घराला आग लागली तर ही आधी ज्वाळेचा रंग बघत उभी राहील.

“नवं लागू झालेलं नाही, हे एक वेळ समजू. पण जुनं वर्षभर चाललं, त्याला ‘अजून लागू नाही’ कसं म्हणेल? संपलं म्हणालं असतं तर कळलं असतं.”

“म्हणूनच तर डोकं चालत नाहीये माझं.”

“फिरदौस, हे हॉलतिकीट तपासणारा कोण? विद्यापीठ?”

“आधी पेटी स्वतः तपासते. तारीख बसत नसेल तर पुढं पाठवतच नाही.”

“तारीख कशाशी ताडून बघते?”

“आजच्या तारखेशी.”

“आणि आज कोणती तारीख आहे, हे तिला कोण सांगतं?”

फिरदौसची बोटं थांबली.

आमचे टिकेकर सर होते. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्यांनी मला प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात जे शिकवलं, ते मी पुढं कितीतरी मुलांना सांगितलं. कॅलिपर हातात पडला की मुलं लगेच गोळीचा व्यास मोजायला धावतात. टिकेकर सर त्यांचं मनगट धरत. “थांब. आधी जबडे मिटव. मध्ये काहीच नसताना हा काय दाखवतो ते बघ.” शून्य दाखवलं तर ठीक. नाही दाखवलं, तर जेवढं दाखवतो तेवढी त्या यंत्राची शून्य त्रुटी. ती वजा केल्याशिवाय त्याच्या कुठल्याही बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. गोळीला दोष देण्याआधी कॅलिपरला विचारायचं.

“आधी हिची शून्य त्रुटी बघ,” मी म्हणाले.

फिरदौसनं भराभर काही तरी टाइप केलं. पडद्यावर एक ओळ आली. दोघी पुढं वाकलो.

एक जानेवारी, सन दोन हजार. रात्रीचे दहा वाजून पंचवीस मिनिटं.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“या अल्ला,” फिरदौस पुटपुटली. “हिच्या हिशेबानं आपण पंधरा वर्षं मागं आहोत.”

“म्हणजे जुनं हॉलतिकीटसुद्धा हिच्या दृष्टीनं पुढं कधी तरी निघायचंय.”

“घड्याळ, काकू! नुसतं घड्याळ!” ती हसायलाच लागली. हसता हसता तिनं तारीख बदलली, वेळ लावली, नवं प्रमाणपत्र परत बसवलं. आम्ही दोघी पेटीकडं बघत राहिलो. तांबडा दिवा एकदा लुकलुकला, विझला, आणि हिरवा लागला.

दहा वाजून सोळा मिनिटांनी पेपर उतरला. नाना गठ्ठे घेऊन जिन्यावरून खाली धावले. साठीला टेकलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या पायात चाकं बसवल्यासारखी होती. अकराच्या ठोक्याला खालच्या मजल्यावर तीनशे अठरा बाकांवर शांतता पसरली.

फिरदौस खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून बसली होती. माझं मात्र संपलं नव्हतं. घड्याळ मागं गेलं हे कळलं. पण का गेलं? आणि दहा वाजून पंचवीसच का? थांबलेलं घड्याळ असतं तर एकाच जागी अडकलं असतं. हे चालत होतं.

“फिरदौस, हिचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं तेव्हा कोणती वेळ धरतं?”

“एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “आत एक छोटा सेल असतो, काकू. पेटी बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तो मेलेला असणार. त्यामुळं बंद करून परत चालू केली की हिचा जन्मच नव्यानं होतो. पण ती बंद होतेच कुठं? मी आल्यापासून एकदाही नाही.”

मी रजिस्टर ओढलं आणि मागच्या कोऱ्या पानावर मांडलं. रात्री बारापासून दहा पंचवीसपर्यंत बावीस तास पंचवीस मिनिटं. म्हणजे हिला जन्मून एवढा वेळ झाला. आज सकाळच्या दहा पाचमधून ते वजा केलं.

उत्तर आलं काल सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं.

मी पुन्हा वजाबाकी केली. उत्तर तेच.

काल सकाळी अकरा चाळीसला या खोलीत कोण होतं, हे मला माहीत होतं. त्या वेळी मी हातातल्या घड्याळाकडं पाहिलं होतं, कारण बाराच्या आत घरी पोचून पुरणाचा नैवेद्य दाखवायचा होता.

प्रयोगशाळेत आमची खंडेनवमीची पूजा टिकेकर सरांच्याही आधीपासूनची. गॅल्व्हनोमीटर, स्पेक्ट्रोमीटर, तराजू, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. दोन नियम ठरलेले. चालू यंत्राला ओला हात लावायचा नाही, आधी वीज बंद करायची. आणि नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याला आपट्याचं पान वाहिल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस त्याला विश्रांती. संगणक विभागात आल्यावर पहिल्या वर्षी माझ्या नणंदेकडं लग्न होतं, म्हणून पूजा राहिली होती. या वर्षी मी आणि नाना दोघांनी हौसेनं केली. फिरदौस सुट्टीवर गावी गेलेली. नानांनी दारात नारळ वाढवला. मी पेटीचं बटण बंद केलं, पुसली, हार घातला. पेटीवर फिरदौसनं ठळक अक्षरांत एक चिठ्ठी डकवली होती, ‘बंद करू नये’. ती मी वाचलीही असेन. पण आमच्या प्रत्येक उपकरणावर कसली ना कसली चिठ्ठी असायचीच, ‘हात लावू नये’, ‘काच सांभाळा’. त्या चिठ्ठ्या मुलांसाठी असायच्या. कुंकवाला सपाट जागा दिसेना, म्हणून मी बोट त्या चिठ्ठीवरच ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी हार उतरवला आणि पान वाहून बटण दाबलं. सगळे दिवे छान लागले. किल्ली फिरवून मी घरी गेले.

सरांनी विचारलं, कुणी हात लावला? मी नाही म्हणाले. पूजा म्हणजे हात लावणं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

सव्वाअकराला सर परत आले. चेहरा उतरलेला, पण रागाचा नव्हता.

“पेपर सुरू झाला. चांगलं झालं. पण मुजावर मॅडम, विद्यापीठाला खुलासा द्यावा लागेल. झालं काय होतं?”

“पेटीचं घड्याळ मागं गेलं होतं, सर.”

“कशामुळं?”

फिरदौसनं माझ्याकडं पाहिलं नाही. “लाइट गेली असेल, सर. सुट्टीत.”

“लाइट गेली तर ती गेल्या वर्षी आणलेली मोठी बॅटरी कशाला आहे? सहा तास चालते म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत.”

“तिच्याकडं माझं दुर्लक्ष झालं असेल.”

“असेल, असेल!” सर वैतागले. “लिहून द्या तसं. तुमच्या निष्काळजीपणामुळं, असं. मग कंत्राटाचं मी बघतो.”

तिनं मुकाट्यानं कागद ओढला. मी तिच्याकडं पाहत राहिले. ही मुलगी बॅटरीचं पाणीसुद्धा तारीख घालून वहीत नोंदवायची. ती वही माझ्याच कपाटात होती. हिचं दुर्लक्ष? मग माझी नजर पेटीवर गेली. चिठ्ठी जागेवर होती, पण तिच्यावर कुंकू नव्हतं. कुणी तरी ओल्या बोटानं नीट पुसून काढलं होतं. कागदावर फिकट गुलाबी डाग तेवढा राहिला होता.

सरांच्या पाठीमागून नाना मला डोळ्यांनी खुणावत होते. गप बसा. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि पस्तीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही तांबडा शेरा नव्हता. ते पुस्तक मला किती प्रिय होतं, हे नानांना माहीत होतं.

“सर,” मी रजिस्टरचं मागचं पान त्यांच्यापुढं धरलं. “लाइट गेली नव्हती. मी बंद केली होती.”

“काय?”

“पूजेसाठी. परवा बंद केली, काल अकरा चाळीसला चालू केली. ही वजाबाकी बघा. पेटीनं स्वतःच वेळ सांगितलीय.”

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पान बराच वेळ पाहिलं. स्वतः गणिताचे होते, त्यामुळं वजाबाकी त्यांनी मनात करून पाहिली असणार.

“बाई, मघाशी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं, सर. आत्ता कळलं.”

“मेमो द्यावा लागेल मला.”

“द्या.”

“तुमच्याकडून अपेक्षा नव्हती,” ते म्हणाले, आणि नानांच्या हातातला ग्लास घेऊन त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं. फिरदौसच्या पुढचा कागद उचलला, दुमडून खिशात घातला, आणि गेले.

नाना खोलीत आले. “बाई, एकटीच्याच अंगावर घेतलंत व्हय? आन् नारळ कुणी वाढवला व्हता? थांबा, सायबास्नी सांगून येतो.” आणि खरोखरच सरांच्या मागं गेले. आपलंही नाव मेमोत घाला म्हणून ते भांडले, असं मला नंतर कळलं. सरांनी घातलं नाही. नानांना त्याचं फार वाईट वाटलं.

खोलीत आम्ही दोघीच उरलो.

“कुंकू तू पुसलंस?”

“सकाळी आल्या आल्या,” फिरदौस म्हणाली. “वाटलं, चालू असतानाच पूजा केली असेल. घड्याळ बघितलं तेव्हा कळलं.”

“मग सरांना का नाही सांगितलंस?”

तिनं चिठ्ठीच्या कडेवरून नख फिरवलं.

“काकू, पूजेमुळं झालं, हे तुम्ही सांगितलं तर ती चूक झाली. मी सांगितलं असतं तर दुसरंच काही तरी झालं असतं.”

पस्तीस वर्षं मी यंत्रांच्या त्रुटी वजा करत आले होते. ही त्रुटी मला कधी मोजावी लागली नव्हती. हिला रोज सकाळी दारातून आत येताना मोजावी लागत असणार. मी उठून तिच्यासाठी चहा केला. साखर जास्त पडली. तिनं तसाच प्यायला.

तिचं कंत्राट पुढं चालू राहिलं. माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईची एक ओळ आली.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली, तेव्हा मी पूजेचं नावही काढलं नाही. दुपारी फिरदौसच माझ्या टेबलाशी आली. या वेळी ती सुट्टीवर गेली नव्हती. हातात झेंडूची पुडी, आणि दुसऱ्या तळहातावर जुना रिकामा सेल. रुपयाच्या नाण्याएवढा.

“हा काढला आतला. नवा घातलाय. बाहेरून वेळ मागवून घ्यायची सोयही असते तिच्यात, पण ती मी उद्यापर्यंत बंद ठेवलीय. चला, बटण तुम्हीच बंद करा.”

“वेड लागलंय का तुला? उद्या काही झालं म्हणजे?”

“उद्या सुट्टी आहे, परवाही परीक्षा नाही. बघू तरी काकू, वेळ धरून ठेवते का ते. तुम्हाला बघायचं नाही?”

बघायचं होतं. हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नानांनी नारळ वाढवला, या वेळी जरा जास्तच जोरात. मी बटण बंद केलं. दसऱ्याला सकाळी तिघंही आलो. पान वाहिलं, दिवे लागले. फिरदौसनं मोबाईल आणि पडदा शेजारी शेजारी धरले आणि ती आकडे पुटपुटत राहिली. मग माझ्या रजिस्टरमध्ये तिनं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘शून्य त्रुटी: चार सेकंद, मागे.’

जुनी चिठ्ठी खरवडून तिनं पेटीवर नवी डकवली. मी चष्मा लावून वाचली. ‘ही पेटी बंद करू नये. खंडेनवमी सोडून.’ खाली बोटभर जागा कोरी होती.

“ही जागा कशाला सोडलीस?”

“कुंकवाला, काकू,” फिरदौस म्हणाली. “अक्षरांवर लावता तुम्ही. मग वाचता येत नाही.”